गळ्यापर्यंत भरलेली पोती

गेल्या ऑक्टोबरात प्रार्थनेला बसले की माझे मन कुठेतरी भलतीकडेच जात असे. तुम्हां दोघांना लांबून वाटते की आजीची श्रद्धा पक्की आहे. खरे सांगायचे तर त्या दिवसांत मला शंका येत होती, की माझ्या हातून प्रभूचे काही काम होते आहे की नुसतीच बडबड. आमच्या धुळ्याच्या चर्चमध्ये मी तरुण मुलामुलींचा ख्रिस्ती नेतृत्वाचा वर्ग घेते. पाच रविवार मी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून समजावले, की पुढारी म्हणजे सेवक, प्रभूने स्वतः शिष्यांचे पाय धुतले. मुलांनी सगळे वहीत उतरवून घेतले आणि सहाव्या रविवारी पंख्याखालच्या खुर्चीवरून भांडली.

मग ठरवले, फळा पुरे. येत्या शनिवारी पिंपळनेरजवळच्या एका पाड्यावर नाल्याला वनराई बंधारा घालायचा, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून, ती रचून वाहते पाणी अडवायचे. पाड्यावरची माणसे मका काढण्यात गुंतली होती, म्हणून बंधारा आम्ही घालून देऊ असा मीच त्यांना शब्द दिला होता. नाल्याची धार रोज बारीक होत होती. तो शनिवार हुकला असता तर अडवायला पाणीच उरले नसते, आणि त्या पाण्यावर त्यांचा हरभरा अवलंबून होता.

कामाची आखणी अर्थातच माझी. कोण भरणार, कोण शिवणार, कोण रचणार, सगळे कागदावर. मी बजावले होते, "पोते गच्च भरा, अर्धवट काम देवाला चालत नाही." नऊ मुलांनी दुपारपर्यंत घाम गाळला. भिंत दिसायला देखणी झाली, पण पाणी चढू लागले तशी प्रत्येक फटीतून धार सुटली. वर्गाची प्रमुख रूथ कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, हा तर आपल्या चर्चच्या छतापेक्षा जास्त गळतोय." सगळी हसली, पण थकलेले हसणे होते ते. तिच्या तळहातावर फोड आले होते.

मी थोडी बाजूला गेले. एरवी माझी प्रार्थना म्हणजे देवाला दिलेल्या सूचनाच असतात. त्या दिवशी एवढेच म्हणाले, "प्रभू, मला कळत नाही."

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून एक म्हातारेबाबा उतरले. एक शेळी चुकली म्हणून इकडे आलो, असे त्यांनी नंतर सांगितले. एरवी ते या बाजूला येत नाहीत. पाड्यावर त्यांना नाना म्हणतात. त्यांनी एका पोत्याला पायाने ढोसले.

"अक्का, हाई पोतं गयापावत भरेल शे. ते वाकावच नही. मंग शेजारनासंगे बसी कसं?"

गळ्यापर्यंत भरलेले पोते वाकत नाही, आणि न वाकणारे पोते शेजारच्याला चिकटून बसत नाही. इतकी साधी गोष्ट.

"कोनी शिकाडं तुमले?" नानांनी विचारले. मुले एकदम जमिनीकडे बघू लागली. मला वाचवत होती बिचारी.

"मीच शिकवलं, नाना," मी म्हणाले. "चुकलं माझं. आता तुम्ही सांगाल तसं."

त्यांनी सगळी पोती काढायला लावली, प्रत्येकातली चौथाई माती ओतायला लावली. पोत्याचे तोंड खाली दुमडून, विटांसारखा सांधा चुकवत पोती बसवायची, असे ते दाखवत गेले. मला त्यांनी काम दिले चिकणमातीचे गोळे वळायचे, फटी बुजवायला. बहात्तराव्या वर्षी तुमची आजी चिखलात फतकल मारून बसली होती. नाना माझे गोळे बघून म्हणाले, "अक्का, लाडू वळस का काय?" रूथ इतकी हसली की हातातले पोते तिच्याच पायावर पडले. आता कुणी कागद बघत नव्हते. ज्याचा हात मोकळा तो पुढे होत होता. जी मुले खुर्चीवरून भांडली होती, ती एकमेकांच्या हातातले ओझे मागून घेत होती.

उन्हे कलली तेव्हा शेवटचा थर बसला. आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. गळतीचा आवाज थांबला होता. पाणी हळूहळू दुसऱ्या थराला लागले, मग तिसऱ्या.

बाळांनो, तो चमत्कार होता का, हे मी सांगू शकत नाही. चुकलेल्या शेळीला कुणी वळवले, ते तिचे तिला ठाऊक. मला एवढे समजले की इतकी वर्षे मीही ठासून भरलेली होते, माझ्यात कुणाला टेकायला जागाच नव्हती. मला थोडे रिते करायला प्रभूने शेळ्या राखणारा माणूस पाठवला, आणि रिते होण्यात एवढा आनंद असतो हे मला माहीतच नव्हते.

आभाराची प्रार्थना रूथने केली, चार वाक्यांची. तिचे संपत आले तेव्हा नानांनी ओंजळभर पाणी घेऊन कपाळाला लावले आणि उरलेले बंधाऱ्यावर वाहिले. त्यांचे होईपर्यंत ती थांबली. मग आम्ही सगळे मिळून आमेन म्हणालो.