मिठाला जागणारी टीम

आमची हॉकी टीम का हरते, याची कारणं प्रत्येक मॅचनंतर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. टर्फ कोरडं होतं. अंपायर समोरच्यांचा गाववाला होता. दोघे जण हॉटेलची ड्यूटी संपवून थेट मैदानावर आले होते, त्यांचे डोळे उघडत नव्हते. मग कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकतं, खाली 'नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला' लिहितं, की खलास, पुढच्या पराभवापर्यंत शांतता. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! खरं कारण ग्रुपवर कधीच येत नाही, कारण ग्रुपचा ॲडमिन माझा नवरा आहे, आणि खरं कारणही तोच आहे.

टीम आम्हा वसईकडच्या ख्रिस्ती मंडळींची. दुबईत नोकरीला आलेल्या गावच्या पोरांना गोळा करून नवऱ्यानेच ती उभी केली. तो सेंटर हाफ आणि पहिल्या दिवसापासून कॅप्टन. मी मैदानाबाहेर, फोल्डिंगच्या खुर्चीवर, शेजारी संत्र्यांच्या फोडींचा डबा. एके काळी तो खरंच सुरेख खेळायचा, हे मी त्याची बायको म्हणून सांगत नाही. उलट, त्याचा खेळ बघून मी त्याची बायको झाले. घरच्यांनी बघितलेला बँकेतला शांत मुलगा सोडून याच्या मागे दुबईला आले. त्या बँकवाल्याची आठवण मला वर्षातून एकदोनदाच येते, आणि दोन्ही वेळा आम्ही हरलेले असतो.

मी स्वतः शाळा-कॉलेजात लेफ्ट विंगला खेळले. आम्हाला शिकवायला एक सिस्टर होत्या, झगा गुडघ्यापर्यंत खोचून धावायच्या. त्या म्हणायच्या, "बॉल बघू नका गो पोरींनो, बॉल ज्याच्याकडे आहे त्याचं डोकं बघा. डोकं जिकडे वळतं तिकडे पास जातो." तेव्हापासून मी हॉकी तशीच बघते. बाकीचे बॉलच्या मागे माना फिरवत असतात, मी डोकी बघत बसते. म्हणूनच जे कोणाला दिसत नव्हतं, ते मला दिसलं.

आमच्या टीममध्ये कोणालाही बॉल मिळाला की त्याचं डोकं वर उठतं आणि माझ्या नवऱ्याला शोधतं. समोर विंगला माणूस मोकळा असो, गोलकीपर चहा प्यायला गेलेला असो, बॉल आधी सेंटर हाफकडे जाणार. तो आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर भार देऊन वळेपर्यंत समोरचे दोघे येऊन उभे. बॉल गेला. परत मिळाला की परत तेच.

आणि याचं कारण हॉकीत नाही, ते दुबईच्या करामा भागातल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये आहे. त्या हॉलमध्ये आमचा अर्धा डिफेन्स झोपून गेलाय. नवरा एका मोठ्या कंपनीत एचआरला. गावातून कोणाचा भाचा, कोणाचा जावई, कोणाचा 'हुशार आहे हो, फक्त इंग्रजी कच्चं आहे' असा मुलगा व्हिजिट व्हिसावर यायचा आणि सरळ आमच्याकडे उतरायचा. गादी माझी, सुरमईचं कालवण माझं, इस्त्री माझी. नवरा त्याचा बायोडेटा नीट करायचा, दहा जणांना फोन करायचा आणि कुठेतरी चिकटवून द्यायचा. इथे आपल्या माणसांत 'मला अमक्याने आणलं' असं म्हणतात, जसं लहानपणी बाजारातून आणलं म्हणतात तसं. ज्याने आणलं त्याचं कर्ज फिटत नसतं. त्याच्या घरी ख्रिसमसला पहिला केक जातो, मुलांच्या बाप्तिस्म्याला तो पहिल्या बाकावर बसतो. आमच्या पोरांनी एवढंच केलं की हे सगळं मैदानावरही नेलं. खाल्ल्या मिठाला जागावं हे बरोबर आहे. पण हॉकी स्टिकने कोणी मिठाला जागतं का? देवा रे!

शेवटी त्याने आपल्या धाकट्या भावालाही आणलं. माझा दीर म्हणजे हॉकीत देवाने वेळ काढून घडवलेला मुलगा. गावात होता तेव्हा मोठमोठ्या टीमच्या निवडीपर्यंत पोचला होता, नोकरीच्या काळजीने सगळं सोडून आला. भावाने त्याला जबल अलीच्या एका गोदामात सुपरवायझर म्हणून लावलं. आठवडाभर कंपनीच्या बसने जायचा-यायचा, मान टाकून. सुट्टीच्या दिवशी स्टिक हातात घेतली की वेगळाच माणूस. मला वाटलं, आता आमचे दिवस फिरणार. पहिल्याच मॅचला तो तिघांना चकवून गोलसमोरच्या डीपर्यंत गेला, समोर फक्त गोली. त्याने डोकं वर केलं, मागे बघितलं आणि बॉल मागे ढकलला. दादाला. माझ्या हातातली संत्र्याची फोड तिथेच चुरडली.

तरी मी गप्प होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग ती पिवळ्या कार्डाची मॅच आली.

समोरच्या टीमचा एक कोवळा पोरगा नवऱ्याच्या शेजारून सुसाट निघाला. धावून गाठणं जमेना, तर नवऱ्याने त्याच्या पायात स्टिक घातली. अंपायरने पिवळं कार्ड दाखवलं. म्हणजे काही मिनिटं बाहेर बसायचं आणि टीमने दहा जणांत खेळायचं. तो धुसफुसत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला.

आणि टीम खेळायला लागली. विचारू नका! पोरांची डोकी वर उठायची, शोधायची आणि मधे कोणी नाही म्हटल्यावर नाइलाजाने समोर वळायची. बॉल विंगला, विंगवरून आत, आतून परत बाहेर. दिराने असा गोल मारला की समोरच्यांचा गोलीसुद्धा हसला. एक माणूस कमी आणि आम्ही चढाई करतोय. आमची मुलगी, जिला या खेळाचा एरवी कंटाळा, फोन खाली ठेवून उठून उभी राहिली. "मम्मा, लुक! दे आर सो फास्ट टुडे!"

नवरा म्हणाला, "दमतील आता."

त्याची वेळ संपली, टेबलावरच्या माणसाने हात केला. आमचे दोन बदली खेळाडू वॉर्मअप करत होते, कोणालाही पाठवता आलं असतं. मी हळूच म्हटलं, "बस रे थोडा वेळ. गुडघा दुखतोय ना?" त्याने माझ्याकडे बघितलं, पट्टी घट्ट केली आणि आत गेला. पुढचा बॉल दिराच्या स्टिकवर आला. त्याचं डोकं वर उठलं. मी डोळेच मिटून घेतले. ती मॅच आम्ही हरलो, आणि संध्याकाळी ग्रुपवर टर्फ कोरडं होतं.

त्या रात्री जेवताना मी बोलले. गोड करून नाही, मला ते जमत नाही. "पुढच्या सीझनला मॅनेजर हो. तू मधे उभा असतोस म्हणून टीम अडते. सगळे तुलाच बॉल देतात."

"देतात, कारण मी मधे मोकळा असतो."

"देतात, कारण तू त्यांना आणलंस."

त्याला हा अपमान वाटला. स्वतःचा नाही, पोरांचा. "माझी पोरं अशी नाहीत," म्हणाला. आणि ताटावर बसल्या बसल्या त्याने ग्रुपवर टाकलं : मी आता थांबावं असं कोणाला वाटतं का, मोकळेपणाने सांगा. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची आणि तीही मांजरानेच हातात दिलेली! कोण बांधणार? हृदयांचा पाऊस पडला. 'कॅप, यू आर द टीम.' 'आपके बिना कौन, बॉस?' फोन त्याने माझ्यापुढे धरला. त्यातली निम्मी हृदयं माझ्या कालवणावर पोसलेली. मला इतका राग आला की मी उरलेला भात फ्रीजमध्ये ठेवण्याऐवजी ओव्हनमध्ये ठेवला.

एकाच माणसाचं हृदय आलं नव्हतं. दिराचं.

पुढे थोड्याच दिवसांत त्याने जबल अलीची नोकरी सोडली. अल ऐनमधल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून लागला. स्वतः अर्ज केला, स्वतः मुलाखत दिली, कोणाचा फोन नाही, कोणाची ओळख नाही. सांगायला आला तेव्हा माझ्याशी स्वयंपाकघरात बोलला. "वहिनी, तिकडे पगार थोडा कमीच आहे. पण दादावर सगळा भार नको ना." मी म्हटलं, "आणि तिकडे हॉकी आहे का?" तो नुसता हसला आणि पाण्याचा ग्लास विसळून ठेवला. नवऱ्याने महिनाभर कोणाकोणाला सांगितलं, इतकं करून शेवटी भाऊसुद्धा सोडून गेला. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, सुटला एक तरी.

मग अल ऐनच्या टीमशी आमची मॅच लागली, त्यांच्या मैदानावर. आम्ही सगळे गाड्या काढून गेलो. दीर पलीकडच्या जर्सीत उभा होता, आणि काय खेळत होता! आता त्याचं डोकं मागे वळतच नव्हतं. आमच्या हॉलमधल्या डिफेन्सला त्याने एकेकाला असं वाटेला लावलं की मला आमच्या टीमसाठी वाईट वाटायला हवं होतं. मला काहीही वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या हाफमध्ये त्याने मधल्या रेषेवर बॉल हिसकावला आणि निघाला. पुढे अख्खं मैदान मोकळं, मधे एकच माणूस, माझा नवरा, दुखऱ्या गुडघ्यावर वाकलेला. दुसरा कोणी असता तर दिराने नुसता खांदा हलवून त्याला मागे टाकलं असतं. त्याचं डोकं वर उठलं. समोर कोण आहे ते त्याने बघितलं. आणि बॉल जरासा लांब ढकलला गेला, नेमका नवऱ्याच्या स्टिकवर. नवऱ्याने तो फटकावून दूर लावला. आमची पोरं ओरडली, "वा कॅप! क्या बात!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. दिवसभरात आमच्या वाट्याला आलेल्या त्या पहिल्या टाळ्या. नवरा मात्र तिथेच उभा राहिला, भावाच्या पाठीकडे बघत. पुढचा बॉल कोणीतरी त्याला दिला, तो त्याच्या बाजूने निघून गेला आणि त्याने स्टिकही खाली नेली नाही.

मॅच आम्ही हरलो, सवयीप्रमाणे. दीर जवळ आला, म्हणाला, "वहिनी, जेवून जा ना, मी बनवलंय." नवरा म्हणाला, "यल्ला, निघू या, उद्या ऑफिस आहे."

अल ऐनहून दुबईचा रस्ता सरळ आणि रिकामा आहे, कोणाशी भांडायचं तर चांगला. मुलगी मागे कानात इअरफोन घालून झोपली होती. नवरा म्हणाला, "त्याने मला बॉल सोडला."

हे त्याला कळावं म्हणून मी इतकी वर्षं धार लावून वाक्यं तयार ठेवली होती. आता त्यातलं एकही येईना. मला रडू आलं, रागाचंच, पण कोणावरचा राग ते कळलं नाही.

"हो," मी म्हटलं.

पेट्रोल पंपावर त्याने गाडी थांबवली. कडक चहाचे दोन कप घेऊन आला, एक माझ्या हातात दिला, स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. गाडी सुरू केली नाही.

"ग्रुपवर विचारलं होतं मी सगळ्यांना," तो म्हणाला. "मोकळेपणाने सांगा म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

"काय सांगणार होते बिचारे," तो म्हणाला. "सगळ्यांना मीच आणलंय ना."