आलापल्लीत तीन बोटं

चंद्रपूरहून एसटीत बसलो तेव्हा माझ्याजवळ तोंडाच्या कॅन्सरची बारा भयंकर पोस्टरं होती. आलापल्लीला उतरलो तेव्हा एकही नव्हतं. दुतर्फा सागवान इतकं देखणं की मी खिडकीला डोळे लावून बसलो, आणि गुंडाळी घेऊन एसटी सिरोंच्याला निघून गेली. कामगारांना आरोग्याचे धडे देत फिरणाऱ्याचा हा वेंधळेपणा!

लाकडाच्या डेपोत जेवणाची सुट्टी होती. ओंडके उचलणाऱ्यांनी मला पंगतीत ओढलं. भात, वरण आणि डोळ्यांतून पाणी काढणारी भेदरांची (टोमॅटोची) चटणी. शेजारी मारोतीभाऊ होते. ओंडका उचलताना सगळ्यांनी एकदम जोर लावावा म्हणून आरोळी देतात ते हेच. ते मात्र नुसता वरणभात खात होते.

"काऊन मारोतीभाऊ, चटणी नाई घेत?" समोरच्याने छेडलं. "सासुरवाडीले आले का?"

"झोंबते रे. दोन महिने झाले."

माझा घास थांबला. इथे जवळपास प्रत्येकाच्या गालात दिवसभर खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला) असतो. पोस्टरं नव्हतीच, म्हणून मी स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घातली आणि सगळ्यांना तसंच करायला सांगितलं; निरोगी तोंडात तिन्ही मावतात. काय हशा उसळला! मारोतीभाऊंची दोनच बोटं गेली.

"तिसरं जाडं आहे, सर."

दुसऱ्या हाताचंही जाडंच निघालं. मग कोणी हसलं नाही.

त्याच दुपारी आम्ही अहेरीला दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी बॅटरी लावून बराच वेळ पाहिलं.

"आज कॅन्सर नाही. पण तोंड आवळत चाललंय, पुढे होऊ शकतो. खर्रा आत्तापासून बंद, आणि दर महिन्याला दाखवायचं."

आनंदाने मला रडूच आलं. मारोतीभाऊ मात्र उठेनात.

"बाई, तसं लिहून द्या. कोणी प्रेमानं हातावर ठेवला तर नाई म्हणता येत नाई. रुसते मानूस."

बाईंनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'यांना खर्रा देऊ नये.' खाली सही, शिक्का.

इतकी वर्षं मी गावोगाव 'नाही म्हणा' सांगत आलो. नाही म्हटल्याने दोस्त दुखावतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नागपूरला घरी जाताना सिंदेवाहीजवळ मारोतीभाऊंचा फोन आला. "सर, आपले सहा जण अहेरीले निघाले! तपासणीले नाई बा, चिठ्ठीले."

मी भर एसटीत मोठ्याने हसलो. चिठ्ठी लिहिण्याआधी बाई प्रत्येकाला तोंड उघडायला लावणार होत्या.