परसराम टेंभरेविरुद्ध एकही तक्रार नाही

परसराम टेंभरे हा माणूस कंपनीचा, पण कंपनीत कधी सापडायचा नाही. गोंदियाच्या ऑफिसात त्याच्या नावाची खुर्ची होती, तिच्यावर बिघडलेले कीबोर्ड बसायचे. तो स्वतः असायचा देवरीला, नाहीतर सालेकशाला, नाहीतर अर्जुनीच्या वाटेवर, गळ्यात दुपट्टा आणि शर्टाच्या खिशात पेचकस. ईश्वरदास शेठजींच्या तांदूळ कंपनीची जिल्ह्यात धान घेणारी सतरा केंद्रं. प्रत्येक केंद्रात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि दोन्ही बिघडवणारी माणसं भरपूर. दुरुस्त करणारा मात्र हा एकटा.

शिकला कुठं म्हणाल, तर कुठंच नाही. १९९९ साली तो फुलचूरला पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचा. गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्यानं जळालेला यूपीएस आणला, परसरामनं तो चालू करून दिला. मग क्लासवाल्यानं कॉम्प्युटरच आणला. "उघडून तर पाहू," म्हणत यानं उघडला, चार दिवस त्याच्यापुढं मांडी घालून बसला, बायकोनं, तुलसानं, जेवायला हाक मारली की "हव, आलो" म्हणायचा आणि यायचा नाही. पाचव्या दिवशी डब्बा सुरू झाला, आणि त्याच वर्षी शेठजींनी त्याला कंपनीत घेतलं. तेव्हापासून तो कॉम्प्युटरला डब्बाच म्हणतो, आणि सतराही केंद्रं त्याच्यामुळं डब्बाच म्हणतात.

त्याची कामाची रीत साधी. केंद्रावरून फोन यायचा, "परसरामभाऊ, डब्बा बंद पडला." हा गाडीला किक मारायचा. दुरुस्ती अर्ध्या तासाची, पण जेवल्याशिवाय कोणी सोडेल तर शपथ! नवेगाव बांधला सुलोचनाबाई होत्या, केंद्राच्या कारकून, पन्नाशीच्या, तोंडाच्या फटकळ. त्या तर डब्ब्याला हात लावू देण्याआधी ताट पुढं करायच्या. तलावाच्या मासोळीचं कालवण आणि भात. कोणत्या केंद्रात काय बिघडलं होतं, हे परसरामला तिथं काय जेवलो त्यावरून आठवायचं. सांगून ठेवतो, ही आठवण कधी चुकली नाही.

असं सगळं गोड चाललेलं असताना २०१० च्या पावसाळ्यानंतर नागपूरहून सोनिका मॅडम आल्या. नव्या व्यवस्थापक. बाई हुशार, बोलायला सरळ, वाईट अजिबात नाही. पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा आकडा लागायचा.

"टेंभरे, महिन्याला किती तक्रारी येतात?"

"येतात जी."

"किती?"

"आल्या तेवढ्या जातात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, की आता हे असं चालणार नाही. तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर घ्यायचं. बाजारात तीन चांगली आहेत. प्रत्येक एकेक महिना फुकट वापरायला मिळतं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. तिन्हींची तुलना परसरामनंच करायची, तक्ता भरायचा. या तीन महिन्यांत कोणीही परसरामला फोन करायचा नाही, जे काय असेल ते त्यात लिहायचं. "आणि किती तक्रारी येतात त्यावरून ठरेल, या कामाला माणसं किती लागतात."

शेवटचं वाक्य परसरामनं ऐकलं, पण त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट तो खूश झाला. सतरा केंद्रं, रोजचे एक-दोन बिघाड, मॅडम दुसरा माणूसच देतील सोबतीला! घरी जाऊन तुलसाला त्यानं सांगितलंसुद्धा, "आता मले असिस्टंट भेटते, पाह्य."

पहिलं सॉफ्टवेअर परदेशी. परसरामनं त्याचं नाव ठाणेदार ठेवलं, कारण ते साधा माऊस बिघडला तरी चौदा प्रश्न विचारायचं. दुसरं मद्रासकडचं, दिसायला देखणं, पण इंटरनेट जरा मंद झालं की रुसून बसायचं. त्याचं नाव जावईबापू. तिसरं कायमचंच फुकट मिळणारं, आपल्याच सर्व्हरवर बसवायचं, दिसायला कळकट, पण कोणी कसंही वागवलं तरी चालणारं. त्याला यानं गडी म्हटलं. फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून मॅडमनी प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत छापून सतराही केंद्रांच्या भिंतीवर चिकटवायला लावला. "तक्रारदाराचं नाव." "तक्रारीचं स्वरूप." "जबाबदार व्यक्ती: परसराम टेंभरे."

आणि ऑक्टोबर उजाडला.

पहिल्या दिवशी तक्रार शून्य. परसराम म्हणाला, शिकतील. आठवड्यानं शून्य. महिना संपला, ठाणेदाराच्या पोटात एक अक्षर नाही. नोव्हेंबरात जावईबापू आले. तिथं एकच नोंद पडली, सडक अर्जुनीहून: "सगळं बरं आहे. परसरामभाऊंची तब्येत कशी आहे?" मॅडमनी विचारलं, ही कोणत्या प्रकारात टाकायची?

म्हणजे बिघाड थांबले होते का? छे हो! फुलचूरच्या त्याच्या घरी ये-जा सुरू झाली होती. देवरीच्या बसच्या कंडक्टरनं दुपट्ट्यात गुंडाळलेला कीबोर्ड आणून दिला. सालेकशाहून तांदळाच्या पोत्यात प्रिंटर आला. आमगावचा एक माणूस मॉनिटर मांडीवर घेऊन रेल्वेनं आला आणि "कोणाले सांगजा नका" म्हणून गेला. परसराम रविवारी ओसरीत बसून सगळं दुरुस्त करायचा आणि आल्या वाटेनं परत पाठवायचा. तुलसाला वाळवणं टाकायला जागा उरली नाही.

"काऊन जी, हे आपलं घर हाय का कारखाना?"

"अवो, मले कुठं मालूम! त्यात लिवा म्हणलं तं लिवून नाही राहिले."

"तं इचारा ना एखाद्याले!"

विचारायचं राहून गेलं. डिसेंबर सरत आला, गडीही रिकामाच. एके दिवशी शेठजींनी बोलावलं. समोर तक्ता. तीन सॉफ्टवेअर, तीन महिने, तीन शून्यं. मॅडमही तिथंच, खिडकीकडं बघत.

शेठजी हळू बोलले. "परसराम, आदमी तुम अच्छे हो. लेकिन शिकायतच नाही, तर दुरुस्तीवाला ठेवून काय करू? एक तारखेपासून बाहेरची एजन्सी. महिन्यातून एकदा येईल."

परसरामच्या ओसरीत तीन प्रिंटर पडले होते, पण ते सांगायचं कसं? सांगितलं तर मॅडमचा नियम मोडून चोरून सामान पाठवणाऱ्या सतराही जणांच्या नोकरीवर गदा येणार. तो "हव जी" म्हणून बाहेर आला, गाडीवर बसला, आणि किक मारायचं विसरून तसाच बसून राहिला. अकरा वर्षं त्याला हाक मारली की तो जात होता. आता कोणी हाक मारणार नव्हतं, या विचारानं त्याला रडूच आलं, आणि भर फाटकात रडतोय म्हणून स्वतःचाच रागही आला.

दुसऱ्या दिवशी तो नवेगाव बांधला गेला. सुलोचनाबाईंनी नेहमीसारखं ताट वाढलं. यानं हात लावला नाही.

"बाई, खरं सांगा. तुमच्या प्रिंटरचा पट्टा दोनदा तुटला. त्यात लिवला काऊन नाही?"

सुलोचनाबाईंनी भिंतीवरच्या कागदाकडं बोट दाखवलं. "ते वाच. जबाबदार व्यक्ती कोण?"

"मी."

"मंग? मी तुयावर लेखी तक्रार देऊ? माह्या घरचं जेवलेल्या माणसावर? मागं त्या गोदामाच्या चौकीदारावर एकच कागद गेला होता, आठ दिवसात घरी बसला तो. आमी सतराही जणांनी फोनवर ठरवलं. कायचंही होवो, परसरामवर कोणी लिवाचं नाही."

परसरामनं कपाळाला हात लावला. "अवो बाई, तुमी मले वाचवता वाचवता मारून राहिल्या ना! तक्रार नाही, म्हणून मलेच काढून राहिले!"

सुलोचनाबाई चमच्यासकट खाली बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे लिवलं तरी जाशीन, न लिवलं तरी जाशीन. कोणत्या गाढवानं बनवलं हे?"

"तेच तं तीन महिने तपासून राहिलो," परसराम म्हणाला. "लिवा बाई. पाया पडतो. जे जे बिघडलं ते सारं लिवा, अन् बाकीच्याइलेही सांगा."

"जेव आधी," बाई म्हणाल्या. "मंग पाहतो."

पुढचे चार दिवस गडी गप्पच. पाचव्या दिवशी, म्हणजे तीस डिसेंबरला सकाळी, मॅडमनी परसरामला ओरडूनच हाक मारली. स्क्रीनवर नोंदी पडत होत्या, एकीवर एक. दुपारपर्यंत एकशे त्रेचाळीस. तीन महिन्यांचं सगळं साचलेलं, तारखांसकट, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. मॅडम वाचता वाचता थांबल्या.

"टेंभरे, यात जबाबदार व्यक्ती म्हणून तुमचं नावच नाही."

परसराम वाकून बघू लागला. ठाणेदारात आणि जावईबापूंत ते नाव आपोआप यायचं आणि पुसता यायचं नाही. गड्यात तो रकाना उघडा होता, कोणीही बदलावा. आणि सतराही केंद्रांनी तो बदलला होता. देवरी: "कीबोर्डात मुरमुरे सांडले. जबाबदार: मी स्वतः." आमगाव: "मॉनिटर पडला. जबाबदार: मी आणि आमची मांजर. परसरामभाऊंनी रविवारी सुट्टी सोडून दुरुस्त केला." एकशे त्रेचाळीस बिघाड, आणि प्रत्येकानं दोष स्वतःच्या अंगावर ओढून घेतलेला. चोरून पाठवलेलं सामानही कबूल केलेलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. परसरामला काही दिसेचना.

मग त्याला नवेगावची एक नोंद दिसली. "डिस्कवरचा दोन वर्षांचा हिशोब पुसला गेला. जबाबदार: सुलोचनाबाई. माह्या हातून चुकीचं बटन दाबलं गेलं."

खोटं होतं ते. बटण परसरामनंच दाबलं होतं, नोव्हेंबरात एका रविवारी, स्वतःच्या ओसरीत, बाईंनी पाठवलेला डब्बा दुरुस्त करताना, डुलकीच्या भरात. बाईंनी तेव्हा एक शब्द विचारला नव्हता. जुन्या वह्या काढून महिनाभर बसून त्यांनी सगळं पुन्हा टाइप केलं होतं.

"मॅडम, जरा सरका," तो म्हणाला. त्यानं बाईंचं नाव पुसलं आणि एका बोटानं, सावकाश, टाइप केलं: परसराम टेंभरे.

"ही यादी आज शेठजींकडे जाणार आहे," मॅडम म्हणाल्या. "माहीत आहे ना?"

"माहीत हाय जी."

यादी गेली. शेठजींनी ती दोन तास वाचली, मधून मधून मोठ्यानं हसत. संध्याकाळी निरोप आला, एजन्सी रद्द, फोनबंदी रद्द, कंपनी गडी घेणार, परसराम राहणार, आणि त्या मांजरीला केंद्रात येऊ देऊ नका. डिस्कच्या नोंदीपुढं शेठजींनी लाल शाईनं फक्त वाचल्याची खूण केली होती, लिहिलं काही नव्हतं.

परसराम घरी पोचतो न पोचतो तोच फोन वाजला. सुलोचनाबाई. आवाज चढलेला.

"माह्यं नाव काऊन खोडलं रे? कोणाले इचारलं तू?"

"खोटं होतं बाई ते."

"म्या लिवलं होतं ना! तीन महिने तुले सांभाळलं अन् तू स्वताच स्वतावर लिवून आला? थांब, आता खरीखुरी तक्रार करतो तुयी!"

"करा बाई," परसराम म्हणाला. "लेखीच करा. उद्या सकाळी येतो."