बाराचा खेळ

रूपराव मास्तरांना खळखळून हसताना कोणी पाहिलं आहे का, असं गावात विचारलं असतं तर म्हाताऱ्याकोताऱ्यांनीसुद्धा डोकं खाजवलं असतं. समुद्रपूरहून तीन कोसांवरचं ते गाव, कापूस आणि तूर पेरणारी माणसं. त्यात मास्तर म्हणजे मोठं प्रस्थ. अंगात खादी, डोक्यावर टोपी, दिवसा शाळा आणि दिवेलागणीला देवळाच्या पारावर सामुदायिक प्रार्थना. प्रार्थना झाली की मास्तर पाच मिनिटं चांगले विचार सांगत. त्या पाच मिनिटांची कधी पंधरा होत, कधी वीस. लोक बिचारे मांडी घालून ऐकत बसत.

अठ्ठ्याहत्तर साली संक्रांतीच्या सुमारास या चांगल्या विचारांचा सगळा रोख हिंगणघाटच्या टॉकीजवर होता. तिथं एक मराठी सिनेमा लागला होता आणि आठ आठवडे झाले तरी उतरायचं नाव घेत नव्हता. पिठाच्या गिरणीत कामाला लागलेला एक बावळट गडी आणि दळण घेऊन येणारी पाटलाची पोरगी, एवढीच त्याची गोष्ट. पण त्यातलं एकेक वाक्य असं की ऐकणाऱ्यानं आधी आजूबाजूला पाहावं आणि मगच हसावं. जोडीला पोरीचा घसरणारा पदर आणि गड्याचं सुटणारं धोतर. "सिनेमा नाही हा, उकिरडा आहे उकिरडा," मास्तर पारावरून म्हणत. "ज्यानं पाहिला त्यानं घरच्या मायबहिणींसमोर उभं राहू नये."

शाळेत मधल्या सुट्टीत मात्र प्रभाकरराव नावाचे दुसरे मास्तर त्याच सिनेमातले संवाद नकलेसकट करून दाखवत. हे प्रभाकरराव मास्तरांचे शेजारीही होते, मधली भिंत एकच. त्यांनी तोंड उघडलं की रूपराव उठून व्हरांड्यात जात. जात खरे, पण कान खोलीतच ठेवून जात.

शेवटी मोह झाला. कोणाला होत नाही? चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, जन्मात कधी मनासारखं वागला नव्हता. बायको संक्रांतीच्या वाणासाठी चार दिवस हिंगणघाटला आपल्या बहिणीकडे, पद्माकडे गेली होती. मास्तरांनी आईला सांगितलं, "वर्ध्याले जाऊन राह्यलो, शिक्षण खात्यात कागद द्याचा हाय." एसटीत गावची दोन माणसं होती म्हणून तिकीटही वर्ध्याचंच काढलं. आणि हिंगणघाटच्या स्टँडवर पाणी प्यायला उतरल्यासारखे उतरले ते परत चढलेच नाहीत. दुपट्ट्यानं तोंड बांधून, टोपी पिशवीत घालून, मास्तर बाराच्या खेळाला जाऊन बसले.

पहिली दहा मिनिटं त्यांनी भिंतीसारखं तोंड करून काढली. मग गड्यानं पाटलाच्या पोरीला विचारलं, बारीक पाहिजे की जाडं. मास्तरांनी ओठ घट्ट मिटून घेतले. पुढच्या वाक्याला ते फिसकन हसले आणि त्यानंतर त्यांचं स्वतःकडे लक्षच राहिलं नाही. किती हसावं माणसानं! मांडीवर थापा मारल्या, शेजारच्या अनोळखी हमालाच्या खांद्यावर डोकं टेकवलं. इंटरव्हलला दिवे लागले तेव्हा दुपट्टा गळ्यात आला होता, चष्मा हातात होता आणि ते डोळे पुसत होते. भानावर येऊन त्यांनी घाईघाईनं पुन्हा तोंड झाकून घेतलं.

टॉकीजात एका बाजूला बायका बसत आणि दुसऱ्या बाजूला पुरुष, मधे कमरेएवढी भिंत. इंटरव्हलनंतर थोड्या वेळानं बायकांच्या बाजूनं एक हसू उठलं. साधंसुधं नाही. आधी बारीक, मग चढत चढत वर गेलेलं, आणि शेवटी श्वास पुरेना म्हणून उचकी लागलेलं. पुन्हा एकदा. मग दर वाक्याला. सिनेमात तो सगळ्यात गाजलेला प्रसंग आला. गिरणीच्या पट्ट्यात गड्याचं धोतर अडकतं, टर्रकन जातं, आणि तो पुढे सूप धरून बाहेर पळतो तर दारात पाटील उभा. "आशीर्वाद द्या मामंजी!" म्हणून गडी वाकतो, आणि मागे उभ्या असलेल्या बायका किंचाळतात. त्या वेळी ते हसू असं काही फुटलं की टॉकीज सिनेमा सोडून त्या हसण्यालाच हसायला लागली. "कोन व्हय बा हे बाई?" पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं. एकानं शिटी मारली.

मास्तरांनी मान खाली घातली. ते हसू त्यांनी आयुष्यात एकदाच ऐकलं होतं, लग्नानंतर पहिल्या दिवाळीला, सासरी. ते त्यांच्या बायकोचं होतं, नलूबाईंचं.

घरी ते कधी ऐकू आलं नव्हतं, कारण घरात रुख्माबाई होत्या, मास्तरांची आई. नवी सून एकदा स्वयंपाक करताना हसली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सुनेचं हसू चुलीच्या पुढं येऊ नाई." बस्स. त्या दिवसापासून वीस वर्षं नलूबाईंचं हसू चुलीपाशीच राहिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, बरं झालं की, फिट्टंफाट! नवरा-बायको दोघं एकाच गुन्ह्यात सापडली. घरी जावं, दार लावावं आणि पोट धरून हसावं. शहाण्या माणसानं हेच केलं असतं. पण मास्तर त्या दिवशी एसटीत उभ्यानं परत आले, आणि वाटभर त्यांच्या कानात ती शिटी वाजत होती. स्वतः शेवटपर्यंत बसले होते हे ते विसरले. बायको हसली, आणि सगळ्या गावगुंडांनी ते ऐकलं, एवढंच त्यांना आठवत राहिलं.

दोन दिवसांनी नलूबाई आल्या. चेहरा असा फुललेला की रुख्माबाईंनीही विचारलं, "काऊन वं, बहिनीनं लय साखर खाऊ घातली का?" संध्याकाळी त्यांनी मास्तरांना चहा दिला आणि कप देऊन लगेच आत गेल्या नाहीत, उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

"वर्ध्याचं काम झालं का जी?" त्यांनी विचारलं. वर्ध्याचं सासूनं सांगितलं होतं. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

ते हसू पाहिलं आणि मास्तरांचं डोकं फिरलं.

"माहं काम राहू दे. तू कुठं गेलती ते सांग. सिनेमाले गेलती ना?"

"गेलती," नलूबाई म्हणाल्या. त्या अजून वाट पाहत असल्यासारख्या त्यांच्याकडे बघत होत्या.

"एका भल्या मानसानं पाह्यलं तुले. सांगितलं मले त्यानं. सारी टॉकीज तुह्या हसन्यावर शिट्या मारत होती म्हने! मास्तराची बायको तू, का तमासगिरीन? लाज नाई वाटली?"

नलूबाईंच्या ओठांवरचं ते हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. "अजून काय सांगितलं त्या मानसानं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"अजून काय सांगाचं राह्यलं?" मास्तर गरजले.

आतून रुख्माबाई आल्या. त्यांनी पुढचं सगळं स्वतःच्या हातात घेतलं. सुनेला देवघरापुढे नेलं, कुळदेवाच्या टाकावर हात ठेवायला लावला आणि वदवून घेतलं की पुन्हा सिनेमाचं नाव नाही आणि बाहेर दात काढणं नाही. मास्तर दारात उभे होते. एक शब्द बोलले असते तर सारं थांबलं असतं. मी पण होतो तिथं, एवढाच शब्द. तो त्यांच्या तोंडातून निघाला नाही. दिवेलागण झाली होती. ते टोपी घालून प्रार्थनेला गेले.

त्यानंतर नलूबाईंनी त्यांना उलट उत्तर दिलं नाही की रुसून बसल्या नाहीत. भाकरी वेळेवर, कपडे वेळेवर. नुसतं हसणं गेलं, चुलीपाशीसुद्धा. पोरगा केशव वसतिगृहातून सुट्टीला यायचा तेव्हा तो गमती सांगायचा. नलूबाई ऐकून "बरं हाय बाप्पा" म्हणायच्या आणि तव्यावरची भाकरी उलटायच्या.

आणि मास्तर सुधारले का? कसचं! तसला नवा सिनेमा आला की कधी पुलगावला, कधी वर्ध्याला, ते काही ना काही कागद द्यायला जातच होते. पण त्यातली मजा गेली होती. जोक झाला की पुरुष हसत, आणि मास्तरांचा कान भिंतीपलीकडे जाई. तिकडे बायका हसत, पुष्कळ हसत, पण ते उचकी लागणारं हसू त्यात नसे. अर्ध्यातून उठून ते स्टँडवर येऊन बसत. त्यांना कळून चुकलं होतं की आपण घरातून काय घालवलं. ते परत आणायचं तर एकच वाट होती, बायकोपुढे खरं बोलायचं. दर संक्रांतीला ते ठरवत, आज सांगतो. नलूबाई तिळगूळ हातावर ठेवत, ते तोंडात टाकत, आणि बोलायचं राहून जाई. त्र्याऐंशी साली रुख्माबाई गेल्या. आता तर कोणाचा धाकही उरला नव्हता. तरी राहून गेलं. भित्र्या माणसाला निमित्त लागत नाही हो, त्याला नुसता उद्या लागतो.

मग शहाऐंशीचा उन्हाळा आला. शेजारी प्रभाकररावांच्या पोरीचं लग्न झालं. पाहुण्यांचा वेळ जावा म्हणून त्यांनी हिंगणघाटहून भाड्यानं व्हिडिओ आणला. दुपारची वेळ, दारं-खिडक्या लावून माणसं आत बसलेली. इकडे ओसरीवर नलूबाई तूर निवडत होत्या, मास्तर पेपर घेऊन आडवे झाले होते. भिंतीतून आवाज यायला लागला. गिरणीची पुकपुक, मागोमाग दळणाचे संवाद. तोच सिनेमा. मास्तरांनी पेपर तोंडावर घेतला. नलूबाईंचे हात सुपात फिरत राहिले.

बऱ्याच वेळानं गिरणी थांबली. टर्र आवाज झाला. पुढे क्षणभर सगळं शांत. आणि त्या शांततेत, पलीकडचं कोणी हसायच्या आधी, "आशीर्वाद द्या" हे शब्द यायच्याही आधी, मास्तर फसकन हसले. आवरलंच नाही त्यांना. पेपर उडाला. मागाहून शेजारी हसण्याचा गलका झाला.

नलूबाईंचे हात थांबले. मास्तर उठून बसले. ज्यानं सिनेमा पाहिलाच नाही त्याला पुढचं कसं कळलं, हे आता कुठल्याही कागदानं झाकता येणार नव्हतं.

"नलू," ते म्हणाले. "त्या दिवशी मी वर्ध्याले नोतो गेलो. मी तिथंच होतो, टॉकीजात. भला मानूस-बिला मानूस कोनी नोता. मीच होतो तो."

"मले माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"पाह्यलं होतं मी तुमाले. इंटरव्हलले दिवे लागले तवा. चष्मा काढून डोळे पुसून राह्यले होते तुमी." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच मास्तरांना सोसवेना. "मी पद्मीले म्हनलं, पाय वं पाय, माहा मालक हसते! वीस वर्सं संसार केला, मले ठाऊकच नोतं तुमाले असं हसता येते म्हनून. इतका आनंद झाला मले, का सांगू."

"मंग काऊन नाई बोलली तू? आठ वर्सं!"

"तुमी सांगाल म्हनून थांबली. चहा देऊन उभी होती ना मी दारात, तवा त्यासाठीच उभी होती. वाटलं, आता हे म्हनतील, नले, मी बी होतो, आन् आपन दोघं हसू." शेजारी पुन्हा हसण्याचा लोट आला आणि ओसरला. "इंटरव्हलच्या आधी तर मी तोंडात पदर धरूनच बसली होती. तुमाले पाह्यलं आन् मंग पदर सोडला. मुद्दाम जोरानं हसली मी. म्हनलं, भिंतीच्या तिकडं तुमाले आयकू गेलं पाह्यजे."

मास्तरांनी बायकोचा हात धरला, दिवसाढवळ्या, ओसरीवर, रस्त्यानं माणसं जात असताना. "आयकू आलं होतं," ते कसेबसे म्हणाले. "नलू, चाल ना तिकडं, अजून अर्धा तास बाकी हाय. आपन दोघं पाहू." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचं त्यांना सुचलं नाही.

नलूबाईंनी हात सोडवला नाही. बराच वेळ त्या भिंतीकडे कान देऊन बसल्या, आठवून पाहिल्यासारख्या.

"तुमी जा," त्या म्हणाल्या. "मले आता त्याच्यात हसाचं काय होतं, तेच ध्यानात येत नाई."