ताईच्या मागचा केर

आमच्या घरून कोणी गावाला निघालं की ते पोहोचेपर्यंत आई केर काढत नसे. वाटेवरच्या माणसामागे घर झाडू नये, एवढंच तिचं म्हणणं. उमरेडला जाणाऱ्यासाठी ती दोन तास थांबायची, पुण्याला जाणाऱ्यासाठी अख्खा दिवस. सत्तरच्या सुमारास माझी ताई लग्नानंतर अमेरिकेला निघाली, तेव्हा किती थांबायचं ते आईला कळेना.

हिशेब मी केला. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पुरती पिवळी. शाळेतल्या ॲटलासवर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत शिवणाचा दोरा ताणून मी आठेक हजार मैल अंतर काढलं. मग भावजींच्या पत्रातल्या वेळा पाहिल्या. सकाळी सहाला मुंबईहून विमान, त्याच दिवशी संध्याकाळी पाचला न्यूयॉर्क. अकरा तास, मी सांगून टाकलं.

ताई बाबांबरोबर रेल्वेनं मुंबईला गेली तेव्हापासून घर तसंच होतं. दाराशी औक्षणाच्या अक्षता, खाटेखाली गजऱ्याची फुलं, तिच्या पेटीची उरलेली सुतळी. विमानाच्या दिवशी आई दुपारपासून घड्याळाकडे बघत होती. पाच वाजले आणि दिवेलागणीआधी तिनं घर लख्ख झाडलं. मग आम्ही निवांत चहा प्यायलो.

शेजारचे काका सोनेगावच्या विमानतळावर सामान चढवायच्या कामावर होते. ड्यूटीवरून परतताना त्यांनी चौकशी केली. मी वेळा सांगितल्या तसे ते म्हणाले, ‘‘वैनी, पोरगी अजून विमानातच बसून असन. तिथलं घड्याळ आपल्याहून साडेदहा तास मागं राह्यते. उद्या पहाटं उतरन ते.’’

आई माझ्याकडे वळली. ‘‘काहून वं, तू तर मोजलं होतं ना?’’

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती मागच्या दारी गेली, सुपलीत ठेवलेला केर घेऊन आली आणि हातानं घरभर परत पसरू लागली. फुलं खाटेखाली, अक्षता दाराशी. मीही खाली बसून सुतळी होती तिथे नेऊन ठेवली. काका चपला हातात घेऊन कडेकडेनं निघून गेले. त्यांचे तेवढ्यासाठीही मी उपकार मानते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तार आली, सुखरूप पोहोचले. आईनं ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि केरसुणी उचलली.

दहा-बारा वर्षांनी ताईच्या बाळंतपणासाठी मी तिकडे गेले. विमान रोममध्येच एक दिवस अडकलं. शेवटी पोहोचले आणि काकांच्या घरी फोन लावला. तोवर आमच्या घरात दिवाळीचे पाहुणे येऊन गेले होते, हे मला नंतर कळलं. बाबा चिडले, पाहुणे कुजबुजले, पण आई हलली नव्हती, केर तसाच होता. एवढं माझ्यासाठी कोणी केलं असेल तर तिनंच, आणि ते मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

फोनवर आधी नुसती खरखर आली. मग आईचा आवाज.

‘‘पोहोचली का वं नीट?’’

‘‘पोहोचले.’’

‘‘मंग झाडू का आता?’’

‘‘झाड,’’ मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.