खालच्या चाकाची टुक

“ह्यांचे हात थरथरतात. नवं मशिन द्या, आणि जमलं तर चालवणारा माणूसही द्या,” वर्कशॉपचे मालक दीक्षित, गायकवाड मिस्त्रींच्या तोंडावरच म्हणाले.

टिंबर मार्केटजवळच्या ह्या वर्कशॉपमध्ये मी नवीन बँडसॉचं कोटेशन घेऊन गेलो होतो. बँडसॉ म्हणजे खाली एक, वर एक अशी दोन मोठी चाकं आणि त्यांच्यावरून फिरणारं, टोकं जोडून अखंड केलेलं पट्ट्यासारखं ब्लेड. लाकडाला गोलाई ह्याच्यावर छान निघते. खराडीच्या एका आयटी कंपनीचं रिसेप्शन काउंटर चाललं होतं, सगळं वळणदार. पण आठवडाभरात तीन ब्लेडं तुटली होती आणि कापलेल्या कडेवर लाटा येत होत्या. गायकवाड बावीस वर्षं त्या मशिनवर होते. सोमवारपासून त्यांना सँडिंगला बसवायचं ठरलं होतं. म्हणजे पॉलिशपेपर घासत.

मी कोटेशन बॅगेतून काढलंच नाही. त्या लाटांनी मला भुरळ घातली. हात थरथरला तर कड वेडीवाकडी येईल, इतकी एकसारखी कशी येईल?

“मिस्त्री, जरा हळू कापून दाखवता?”

त्यांनी दाखवलं. लाटा एकमेकींच्या जवळ आल्या. “आता जोरात.” लाटा लांब लांब गेल्या. हात सरळच होते. म्हणजे मशिनमधलंच काहीतरी ठरावीक वेळाने धक्का देत होतं.

“ब्लेडचा जोड असणार,” दीक्षित म्हणाले. “जोडही ह्यांनीच मारलाय.”

“जोड मी बोटानं तपासलाय, साहेब,” गायकवाड एवढंच बोलले.

मी मेन स्विच बंद केला. खडूने एक खूण जोडावर केली, एक चाकावर, आणि वरचं चाक हाताने फिरवायला घेतलं. जोड येवो न येवो, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक बारीक ‘टुक’ होत होती. जोड निर्दोष सुटला! मला इतका आनंद झाला की मी दीक्षितांकडे बघून हसलो. ते हसले नाहीत.

वरचं चाक स्वच्छ होतं. मी गुडघ्यावर बसून खालचं दार उघडलं. चाकाच्या कडेवर रबराचा पट्टा असतो, ब्लेड त्याच्यावर बसतं. भुसा झटकला तर रबरावर नखाएवढा टणक उंचवटा लागला. पटाशीने खरवडला. आत पिवळं, लाल, आणि तांदळाचे चपटे झालेले दाणे.

दीक्षितांनी तो तुकडा तळहातावर घेतला.

“खंडेनवमीला मीच पूजा केली,” ते म्हणाले. “दरवर्षी बाहेरून हळदकुंकू लावतो. ह्या वेळी एवढी मोठी ऑर्डर, म्हटलं चाकालाच लावू.”

गायकवाड त्या दिवशी नव्हतेच. दसऱ्याला ते दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. जाण्याआधी चाकं पुसून, ब्लेडचा ताण ढिला करून जातात. सुट्टीत ब्लेड ताणलेलं राहिलं तर रबर दबतं. आल्यावर त्यांनी फक्त ताण दिला. पुसलेलं चाक पुन्हा कशाला उघडतील?

त्यांनी रबर ओल्या फडक्याने पुसलं, ब्लेड चढवलं, फळी लावली. कड काचेसारखी आली. त्यांनी ती दीक्षितांच्या हातात दिली आणि पुढची फळी घेतली. मला राहून राहून वाटत होतं, दीक्षितांनी आता काहीतरी बोलावं. ते चहा सांगायला बाहेर गेले.

ऑफिसात बॉस म्हणाला, “ऑर्डर घ्यायला पाठवलं होतं, निर्माल्य काढायला नाही.” बरोबरच होतं त्याचं. चालतं मशिन नीट ऐकलं की नवं खपत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर सर्व्हिसिंगला गेलो. बँडसॉच्या खालच्या दारावर दीक्षितांच्या अक्षरात पाटी होती: ‘पूजा बाहेरूनच करावी. दार गायकवाडांना विचारल्याशिवाय उघडू नये. मालकांनीसुद्धा.’