खडूच्या भांड्याला हात

दातवाल्यांना गल्लीत सगळे दातवालेच म्हणत. खरं तर ते दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर लोक तोंडाचं माप घेऊन त्यांच्याकडे पाठवत आणि ते घराच्या पुढच्या खोलीत बसून कवळ्या करत. प्लास्टरचा साचा, त्यावर मेण, मेणात एकेक दात, मग ती गुलाबी हिरडी घासूनपुसून गुळगुळीत. चाळीस वर्षं हेच. नुसता साचा बघून माणूस ओळखतो, असं त्यांचं म्हणणं असे. हा झोपेत दात खातो, ही एकाच बाजूने चावते, ह्या गृहस्थाने रागारागात निम्मे दात झिजवलेत. अशा माणसाला कुत्र्याच्या पिल्लाने चावावं, यापरता विनोद गल्लीला कुठून मिळणार? पण चावा उजव्या अंगठ्याला बसला होता, मेण कोरायच्या हाताच्या, आणि दातवाले काही हसले नाहीत.

पिल्लू त्यांनी स्वतःच आणलं होतं. प्लास्टरवाल्याच्या गोदामात पोत्यांमागे एका कुत्रीला चार पिल्लं झाली, त्यातलं हे शेवटचं. पांढऱ्या भुकटीत लोळून इतकं पांढरं झालं होतं की त्याचं नाव खडू पडलं. धुतल्यावर ते करड्या रंगाचं निघालं, पण तोवर नाव चिकटलं होतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घर खायला उठत होतं. पिल्लू दिवसभर त्यांच्या स्टुलाखाली पडून असे. कुणी काही म्हणो, त्यांना त्याचा लळा लागला होता.

भानगड फक्त जेवणाच्या वेळी व्हायची.

दातवाल्यांच्या घरात एक रीत होती. त्यांचे वडील जेवता जेवता कुठल्याही पोराचं ताट उचलत. चूक वगैरे काही नसे. अन्नावर जीव ठेवू नये, एवढंच त्यामागचं तत्त्वज्ञान. पोराने हाताची घडी घालून गप्प बसायचं. जो कुरकुर न करता बसेल त्याला ताट परत मिळे, बाकीचे उपाशी. दातवाले कधीच उपाशी राहिले नाहीत. आपला हात कामात हलत नाही तो या शिस्तीमुळेच, असं ते अभिमानाने सांगत. पुढे स्वतःची लेक झाली तेव्हा तिचंही ताट त्यांनी उचललं. बायको म्हणायची, पोरीच्या तोंडचा घास काढू नका हो. पण लेक इतकी शहाणी की कधी हूं की चूं केलं नाही. चार पाहुण्यांत ते तिचं कौतुक करत.

तेव्हा खडूलाही त्यांनी तेच शिकवायला घेतलं. पिल्लाने दोन घास खाल्ले की भांडं उचलायचं, दहा आकडे मोजायचे, परत ठेवायचं. पहिला आठवडा खडू नुसता जागच्या जागी थिजे. दातवाले म्हणाले, शिकतोय. दुसऱ्या आठवड्यात तो बकाबका खायला लागला, आणि भांड्यावर मान वाकवून गुरगुरायला लागला. जित्याची खोड म्हणून दातवाल्यांनी भांडं आणखी जास्त वेळा उचललं. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याला चावा बसला.

नेमकी त्याच वेळी लेकीची या गावी बदली झाली होती. जावई बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. तीन वर्षांच्या नातीला घेऊन लेक माहेरी राहणार, असं जवळजवळ ठरलं होतं. दातवाल्यांनी मागची खोली रंगवून घेतली, खिडकीला खालून जाळी बसवली. चाव्याची गोष्ट लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यांनी फोनवर सांगून टाकलं. लेकीने विचारलं, का चावलं? त्यांनी तेही सांगितलं. मग ती म्हणाली, महिन्याने दोन दिवस येऊन बघते. जेवणाच्या वेळी घरात असलं काही असेल तर मी भाड्याची खोली घेईन.

पिल्लू कुणाला द्यावं तर चावऱ्या कुत्र्याला कोण घेतो? आणि नात घरात येणारच नसेल तर मग ती रंगवलेली खोली कशाला? दातवाले खडूला काखेत मारून जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या कंपाउंडर बाईंनी खडूला उलटंसुलटं करून पाहिलं. प्रकृती ठणठणीत होती. मग त्यांनी भांड्याची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि विचारलं, "जेवताना तुमचंच ताट कुणी उचललं तर?"

"हाताची घडी घालून बसेन," दातवाले म्हणाले. "आमच्यात तशी सवय आहे."

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गप्प बसणं म्हणजे निवांत असणं नाही, काका. थिजलं होतं ना पिल्लू, तेव्हाच ते घाबरलं होतं. गुरगुरलं ते खूप नंतर."

मग त्यांनी रीत सांगितली. भांडं उचलणं बंद. भांड्यात साधा भात ठेवायचा आणि लांबून, पिल्लू अंग ताठ करणार नाही इतक्या लांबून, उकडलेल्या अंड्याचा तुकडा भांड्याकडे टाकायचा आणि निघून जायचं. उभं राहून बघत बसायचं नाही. माणूस जवळ आला की आपलं जात नाही, उलट काहीतरी मिळतं, हे त्याला कळू द्यायचं. रोज थोडं जवळ. ताठरलं की मागे. आणि नात आली तरी, पिल्लू कितीही गरीब झालं तरी, ते खात असताना लहान पोराला त्याच्या वाटेला जाऊ द्यायचं नाही.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत नऊ फरश्या होत्या. दातवाल्यांनी नवव्या फरशीवरून सुरुवात केली. मेण जसं घाई केली की चिरतं तसंच हेही असणार, एवढी अक्कल त्यांना धंद्याने दिली होती. चार दिवस नववी, मग आठवी. मान सैल आहे का, शेपटी कुठे आहे, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसतोय का, हे ते साचा बघावा तसं बघू लागले. पाचव्या फरशीपर्यंत मजल गेली आणि एका सकाळी कामाच्या गडबडीत, जुन्या सवयीने, त्यांनी खाली वाकून भांडं उचललं. खडू चावला नाही. भिंतीला चिकटून थरथरत राहिला. दातवाल्यांनी भांडं ठेवलं, बाहेर स्टुलावर जाऊन बसले आणि त्या सकाळी त्यांच्याच्याने काम झालं नाही. संध्याकाळी पुन्हा नववी फरशी, आणि लेक यायच्या आदल्या दिवशी कुठे पहिली.

लेक आली ती एकच बॅग घेऊन. नात दारातूनच खडूच्या मागे लागली आणि दोघं अंगणात धूळ उडवू लागली. दुपारी टेबलावर पानं घेतली. नातीला लेकीने आपल्या शेजारी, कोपऱ्यापासून लांब बसवलं. कोपऱ्यात खडूचं भांडं होतं. दातवाले उठले, फरश्या ओलांडत सरळ भांड्यापाशी गेले आणि तुकडा आत टाकला. खडूने मान वर केली, शेपटी हलवली, तुकडा खाल्ला आणि पुन्हा भाताकडे वळला. गुरगुर नाही, काही नाही. दातवाल्यांना गड जिंकल्यासारखं झालं. शाबासकीच्या आशेने त्यांनी लेकीकडे बघितलं.

लेक खडूकडे बघतच नव्हती. ती जेवत होती. मान ताटावर वाकलेली, डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा, घास नीट चावायच्या आत पुढचा घास. पान घेऊन पाच मिनिटं झाली नसतील, ताट निम्मं रिकामं. आमची लेक किती भरभर जेवते, एक कटकट नाही, हेच ते सगळ्यांना सांगत आले होते.

त्यांनी भाजीचं पातेलं आणि पळी घेतली आणि ते तिच्या बाजूला गेले. दोन पावलांवर असताना तिचे खांदे वर आले. हातातला घास हातातच राहिला. ती थिजली. दातवाले तिथेच थांबले.

"पिल्लाचं मला काही नव्हतं, बाबा," ती ताटाकडे बघतच म्हणाली. "मी हिला घेऊन येणार होते. मला तुमची भीती होती."

नात भात चिवडत बसली होती. शितं टेबलभर.

"शिस्त म्हणून करत होतो गं," दातवाले म्हणाले. मग म्हणाले, "तू गप्प बसायचीस. मला वाटायचं, तुला कळलं."

"कळायचं की. ओरडले तर ताट परत मिळत नाही, हे कळायचं."

दातवाले पातेलं घेऊन मागे सरकले, एक पाऊल, मग आणखी एक. तिथेच उभे राहिले. त्यांनी तिच्या ताटाकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघत राहिले.

शेवटी लेक म्हणाली, "वाढा थोडी."

ते हळू पुढे आले, हात लांब करून ताटाला धक्का न लावता भाजी वाढली आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. लेकीने उरलेलं जेवण संपवलं. पाणी पिऊन म्हणाली, बाकीचं सामान रविवारी घेऊन येते. दातवाल्यांनी मान हलवली. तिचा डावा हात अजून ताटाभोवतीच होता.